अर्धा नाच काराकोलला

बिश्केक, २०१२

सोमवार, ९ जानेवारी

आज संचालकांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत शेगडी आहे म्हणून कोट काढून बसता आलं. बाकी थिएटरात आम्ही सगळे शेळ्यांसारखे एकमेकांना चिकटून असतो.

"कुलीपा एजे," ते म्हणाले (मोठ्या बहिणीला म्हणतात तसं इथे सगळे मला एजे म्हणतात), "वीस एप्रिलची संध्याकाळ तुमची. तीन छोटे बॅले बसवा. आठवण आणि प्रेम असा काहीतरी धागा धरा. लोकांना आवडतं."

लोकांना काय आवडतं हे मला शिकवू नका, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. या हंगामानंतर मला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवायचा बेत आहे, हे शिवणखात्यातल्या बायकांना माझ्या आधी कळलंय. तेव्हा ही संध्याकाळ म्हणजे तो गुच्छच. असू दे. गुच्छ कसा बांधायचा ते मी ठरवीन.

'धुकं' आणि 'चिठ्ठ्या' आमच्या मुलामुलींना पाठ आहेत. एकात पांढऱ्या कपड्यातल्या मुली आणि जुन्या प्रेमात हरवलेला कवी, दुसऱ्यात नवऱ्याची पत्रं वाचत बसलेली विधवा. डोळे मिटून बसवीन. तिसरा कोणता, असं त्यांनी विचारलं आणि मी विचार न करता बोलून गेले, "'शेवटचं कुरण'."

"इल्या नाउमोविचचं? ते आहे अजून कुठे? फिल्म आहे?"

"नाही."

"टिपणं?"

"नाहीत."

"मग?"

मी कपाळाला बोट लावलं. "इथे आहे."

ते हसले. म्हणाले, मार्चअखेर मला पूर्ण करून दाखवा, नाहीतर त्या जागी जुन्या बॅलेंचे तुकडे लावू. मी म्हटलं, दाखवते. जिना उतरताना कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावली. थंडीनं असेल.

बुधवार, ११ जानेवारी

स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं आणि 'कुरणा'तलं युगुलनृत्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं. नऊ मिनिटं. उड्या नुसत्या हातानं दाखवल्या, पण मोजणी पुरी. खालच्या शेजारणीनं दोनदा छताला झाडू आपटला.

एकही पाऊल हरवलेलं नाही! एकोणतीस वर्षं झाली शेवटचं नाचून. लग्न होऊन डोंगरापलीकडे चाललेली मुलगी खिंडीत थांबते, मागे वळून बघते, आणि मेंढपाळाबरोबर घालवलेला उन्हाळा तिच्यापुढे पुन्हा उभा राहतो. तिची मान कुठे वळते, बोटं कधी मिटतात, सगळं माझ्या अंगात जसंच्या तसं. इल्या नाउमोविचनं हे माझ्या अंगावर रचलं, शिंपी अंगावर कपडा बेततो तसं. तो आता नाही. म्हणजे हा बॅले जगात फक्त एका जागी शिल्लक आहे, आणि ती जागा आज संध्याकाळी बटाटे सोलत होती.

लिहिते कारण खरं आहे: माझ्यासारखं अंग या शहरात पुन्हा झालं नाही. मी कधी पडले नाही. एकदाच, ताश्कंदच्या दौऱ्यात, सकाळच्या तालमीला हवेतल्या उचलीतून खाली येताना पाय ओल्या फळीवरून सरकला. तेव्हासुद्धा जमिनीला माझं अंग लागलं नाही. हे उपजतच असावं लागतं.

शुक्रवार, २० जानेवारी

फजिती.

बेगायिमला घेतलंय मुलीच्या भूमिकेत. पावलं चांगली, डोकं त्याहून चांगलं, फक्त स्वतःवर विश्वास नाही. मेंढपाळ आदिलेत. तो दिसायला असा की शाळकरी मुली मागच्या दारापाशी उभ्या असतात, आणि त्याला ते माहीत आहे. बेगायिमला पहिली दोन मिनिटं शिकवली. गोड उचलली पोरीनं.

मग आदिलेत म्हणाला, "एजे, आणि मी काय करू?"

मी हातानं त्याची जागा दाखवायला गेले.

"तू... तू तिच्या मागे असतोस."

"नऊ मिनिटं?"

सगळे हसले. मीही हसले. मला ठाऊक आहे की अमुक मोजणीला कमरेवर हात येतो, तमुक मोजणीला मनगट धरलं जातं. पण तो हात येतो कुठून, मधल्या वेळात तो माणूस कुठे असतो, काय करतो, मला काही म्हणजे काही माहीत नाही. मी सहा वर्षं ते नाचले आणि एकदाही मागे बघितलं नाही.

पियानोवर लिदिया. वय सत्तर, बोटं तिशीतली, जीभ सोळा वर्षांच्या पोरीची. स्वरलिपीची पानं गोळा करता करता म्हणाली, "त्याला बोलाव."

"कुणाला?"

"आता मी नाव घेऊ का मुलांसमोर?"

"नको."

"मग बोलाव."

रविवार, २२ जानेवारी

मेदेरबेक सादिरोव. घ्या, लिहिलं नाव.

माझा जोडीदार. सत्त्याहत्तर ते त्र्याऐंशी. त्याच्याइतके भरवशाचे हात मला नंतर मिळाले नाहीत, हे मी त्याच्यावर रागावलेली असतानाही कबूल करते. आणि रागावलेली मी आहेच.

ऑक्टोबर त्र्याऐंशी, ताश्कंद. मॉस्कोहून समिती आलेली, माझं नाव किताबासाठी गेलेलं. आठव्या मिनिटाला मोठी उचल असते. तो मला डोक्यावर सरळ हातांनी धरतो आणि सात पावलं चालतो. त्यासाठीच लोक यायचे. मी धावत गेले, उडी घेतली, आणि याने मला उचललंच नाही! एका हातानं कमरेला आधार देऊन खाली ठेवलं आणि गुडघ्यावर बसला. समितीसमोर. आधी एक शब्द नाही. मी काय करणार? त्याच्या पाठीवर वाकले आणि सात पावलांचं संगीत संपेपर्यंत तशीच राहिले. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, त्यांना काय कळतंय. किताब मला मिळाला, माझ्या कर्तबगारीवर मिळाला. पण त्या आठ मोजण्यांची लाज मी आजवर विसरले नाही.

विचारलं तर म्हणाला, "दमलो होतो." दमलो होतो! आणि महिन्याभरात थिएटर सोडून काराकोलला निघून गेला, शाळेत कवायत शिकवायला. निरोपालासुद्धा आला नाही. पत्र नाही. मीही लिहिलं नाही. मी का लिहायचं?

मंगळवार, ३१ जानेवारी

फोन केला. नंबर लिदियाकडे होता. तिच्याकडे का होता हे विचारलं नाही.

"मेदेरबेक बोलताय का?"

"कुलीपा," तो म्हणाला. जणू मी काल संध्याकाळीच फोन ठेवला होता. "आवाज अजून तसाच आहे. दटावल्यासारखा."

"मी कामासाठी फोन केलाय. 'कुरण' पुन्हा बसवतेय. तुम्हाला तुमचा भाग आठवतो का?"

मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"सकाळी गोठ्यात करतो कधीकधी," तो म्हणाला.

"काय करता?"

"तिसऱ्या मिनिटाचं. जिथे तू चिडून निघून जातेस आणि मी मागे मागे येतो. गाय आता बघतसुद्धा नाही."

मला हसू आलं. दाबलं. "मी चिडून जात नाही. ती मुलगी जाते."

"बरं. ती मुलगी."

गुरुवारी येतो म्हणाला. म्हणजे पुढच्या. मी "तुम्ही" म्हणत होते, तो "तू" म्हणत होता. शिस्त त्याला कधीच नव्हती.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आला. केस पांढरेशुभ्र, पण ताठ चालतो. लांडग्याच्या कातड्याची टोपी, एक पोतं सफरचंदं आणि लिदियासाठी मधाची बरणी. माझ्यासाठी वेगळं काही नाही. मला मध आवडत नाही हे त्याला माहीत आहे, तेव्हा ठीक.

कोट काढताना अवघडला. उजवी बाही आधी, मग डावी बाही खाली ओढून काढतो, लहान मूल काढतं तशी. आदिलेतनं मदत केली. "काय झालं बाइके, खांद्याला?" मोठ्या भावाला हाक मारावी तसं त्यानं विचारलं.

"घोड्यावरून पडलो."

काराकोलला जाऊन राहिलं की माणूस घोड्यावरून पडणारच. इथे राहिला असता तर पडला नसता.

मी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेऊन दाबला, अधिकाऱ्याचा दाबतात तसा. मुलं आमच्याकडे जादूचा खेळ बघायला आल्यासारखी बघत होती.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

आजचा दिवस लिहायलाच हवा, हात दुखले तरी.

मी म्हटलं, आधी आपण दोघंच करू. मुलांनी बसून बघायचं. उड्या नाहीत, उचल नाही, नुसतं चालून. तो खोलीच्या त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात. मला वाटलं होतं की दर चार मोजण्यांना थांबावं लागेल, वाद होतील, आठवडाभर जाईल.

लिदियानं सुरू केलं.

मी वळले, आणि जिथे हात यायला हवा तिथे हात आला. मी पुढे गेले, तो बाजूनं आला, आणि मला पहिल्यांदा कळलं की मधल्या सोळा मोजण्या तो गुडघ्यावर जमिनीतून गवत उपटत असतो. माझ्या पाठीमागे! सहा वर्षं! मी मनगट मागे टाकलं, न बघता, आणि त्यानं ते धरलं. एकदाही थांबलो नाही. माझी अर्धी बाजू आणि त्याची अर्धी, एकोणतीस वर्षं वेगवेगळ्या गावात पडून राहिलेली, आणि एक बोटभर फट नाही. चौथ्या मिनिटाला लिदिया वाजवता वाजवता रडायला लागली, पण एक सूर चुकला नाही तिचा. अशी माणसं आमच्या थिएटरात आहेत. दुसरीकडे दाखवा.

आठव्या मिनिटापर्यंत असं गेलं. मी धावले, उडीच्या जागी थांबले आणि हात वर केले, आता इथे उचल, असं मुलांना दाखवायला. आणि बघते तर हा गुडघ्यावर बसलेला.

"इथे उचल आहे," मी म्हणाले.

"इथे असं आहे," तो म्हणाला.

"सत्त्याहत्तरात पहिल्या प्रयोगापासून उचल आहे!"

"होती. शेवटचा प्रयोग असा होता. बॅले शेवटी जसा होता तसा असतो."

"शेवटचा प्रयोग तू बिघडवलास! समितीसमोर माझी..." आणि मुलं बसली होती. "तू" निघून गेलं होतं तोंडातून. आदिलेत बुटाची नाडी बांधायला लागला, जी बांधलेलीच होती.

मेदेर उठला. उठताना उजव्या हातानं जमिनीचा आधार घेतला. शांतपणे म्हणाला, "तुझा बॅले आहे. उचल ठेव. मी आदिलेतला उचल शिकवतो."

आणि शिकवली. तोंडानं. कुठे वजन घ्यायचं, कोपर कधी सरळ करायचं, श्वास कधी सोडायचा. स्वतः करून दाखवली नाही. एकसष्टाव्या वर्षी अपेक्षाही नाही.

गुरुवार, १ मार्च

वीस दिवस लिहिलं नाही. सकाळी दहा ते तीन तालीम, नंतर 'धुकं'च्या मुली. मेदेर लिदियाच्या मागच्या खोलीत राहतो. रोज दुपारी तिघं मिळून कॅन्टीनचं लाग्मान, रश्श्यातल्या जाड शेवया, खातो, आणि तो स्वतःच्या वाटीतल्या मिरच्या न विचारता माझ्या वाटीत टाकतो. पूर्वी टाकायचा तशाच. मी आता तिखट खात नाही. सांगितलं नाही. खाल्ल्या.

बुधवार, २१ मार्च

नूरूझ, वसंताचा सण. चौकात मोठ्या कढईत मोड आलेल्या गव्हाचं सुमोलोक शिजत होतं, बायका रात्रभर ढवळून थकलेल्या. थिएटरला सुट्टी, पण बेगायिम घरी आली, आईनं तळलेले कणकेचे बोर्सोक घेऊन. चहा झाला तरी उठेना. मग म्हणाली, "एजे, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचार."

"आठव्या मिनिटाचं. आम्ही परवा तुम्ही गेल्यावर दोन्ही करून पाहिलं. बाइके करतात तसंही. आदिलेत वर उचलतो तेव्हा मला छत दिसतं. खाली बसतो तेव्हा तो दिसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ती त्याला सोडून जाणार आहे ना? मग तिनं छत कशाला बघायचं?"

मी सांगितलं, उचलीला टाळ्या पडतात, आणि टाळ्या पडल्या की तुझं नाव होतं, आणि नाव झाल्याशिवाय या धंद्यात गुडघे लवकर जातात. ती "हो एजे" म्हणाली. ही मुलगी "हो एजे" म्हणते तेव्हा ती मुळीच पटलेली नसते. मीही अशीच होते. चांगली नर्तकी होणार.

शुक्रवार, ३० मार्च

संचालकांना दाखवलं. पूर्ण. उचलीसकट. सात पावलांना त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, त्या थंड हॉलमध्ये हातमोजे घालूनच. "एजे, हे तुम्ही नुसत्या आठवणीतून?"

"हो," मी म्हणाले. नंतर म्हणाले, "आम्ही."

मेदेर शेवटच्या रांगेत बसला होता. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

पोस्टर छापून आलंय. खाली बारीक अक्षरात, 'शेवटचं कुरण पुन्हा उभं केलं: कुलीपा असानोवा'. छान दिसतं. त्याचं नाव नाही. छापायला मार्चच्या सुरुवातीला दिलं होतं आणि मजकूर मीच दिला होता.

बुधवार, १८ एप्रिल

रंगीत तालीम. पोशाख, दिवे, वाद्यवृंद. 'धुकं' सुरेख. 'चिठ्ठ्या'त टेबलाचा एक पाय हलतो, सुताराला सांगितलंय.

'कुरणा'त आठव्या मिनिटाला उचल झाली, सात पावलं झाली, आणि बेगायिम खाली येताना तिचा पाय सरकला. 'धुकं'साठी सोडलेल्या वाफेनं फळ्या ओल्या होत्या. आदिलेतनं तिला हवेतच धरलं. एका हातानं, सगळं वजन एका बाजूला. तिच्या अंगाला जमीन लागली नाही.

आणि मेदेर हॉलमधून ओरडला. असा ओरडला की वाद्यवृंद थांबला. "खांदा! पोरा, सोड तिला, खांदा सांभाळ!"

पडली ती, आणि हा ओरडला आदिलेतच्या खांद्यासाठी.

आदिलेतला काही झालं नाही. हात गोल फिरवून दाखवला, हसला. बेगायिमनं त्याची माफी मागितली. मेदेर खुर्च्यांच्या रांगांमधून रंगमंचापर्यंत आला होता. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा. आदिलेतचा खांदा चाचपून बघितला, पुढून, मागून, पुन्हा पुढून. मग म्हणाला, "ठीक आहे. काही नाही. चालू द्या."

घरी आल्यावर चहा ठेवला आणि विसरले. भांडं जळलं.

ताश्कंदला सकाळी तालीम होती. फळी ओली होती. मी उचलीतून खाली येत होते आणि

गुरुवार, १९ एप्रिल

कालचं पुढे लिहिणार नाही.

सकाळी लवकर लिदियाकडे गेले. ती बाजाराला गेली होती. तो खिडकीशी बसून चहात मुरांबा ढवळत होता.

मी उभ्या उभ्याच विचारलं, "घोड्याचा रंग कोणता होता?"

"कुठल्या घोड्याचा?"

"ज्यावरून तू पडलास."

त्यानं विचार केला. खूप विचार केला. "तांबूस."

"लिदियाला काळा सांगितला होतास. मी आत्ताच तिला जिन्यात भेटले." भेटले नव्हते.

"मग काळा असेल."

"मेदेर."

तो हसला आणि ढवळत राहिला. म्हणाला, "समितीला खांद्याचं कळलं असतं तर त्यांनी तुला दुसरा जोडीदार दिला असता. तो कझाख, उंच. त्याच्या हातून तू नक्की पडली असतीस."

"मला सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर तू नाचली नसतीस. मग किताब नाही. मग तू मला जन्मभर ऐकवलं असतंस."

"आता नाही ऐकवलं का मी? मनातल्या मनात रोज!"

"ते काराकोलपर्यंत ऐकू येत नव्हतं."

बाकी काय बोललो ते माझं आहे. इथे लिहीत नाही.

अकरा वाजता मुलांना बोलावलं आणि सांगितलं, आठवं मिनिट बदललं. उचल नाही. आदिलेत गुडघ्यावर, बेगायिम पाठीवर, सात पावलांचं संगीत तसंच. बेगायिमचे डोळे असे चमकले. आदिलेतचं तोंड उतरलं, बिचाऱ्याच्या टाळ्या गेल्या.

"पण एजे, उचल मूळची आहे ना?" तो म्हणाला.

"बॅले शेवटी जसा होता तसा असतो," मी म्हणाले. मेदेर सरावाच्या दांड्याला टेकून उभा होता. त्यानं खोकल्याचं सोंग केलं.

दुपारी शिवणखात्यातल्या बायकांना घेऊन शहरातल्या सगळ्या पोस्टरांपाशी फिरलो. कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यावर मी स्वतः लिहिलं, 'कुलीपा असानोवा आणि मेदेरबेक सादिरोव'. बासष्ट पट्ट्या. बसथांब्यांवर, फुलांच्या दुकानापाशी, विद्यापीठाच्या भिंतीवर. अक्षर माझं चांगलं आहे.

शनिवार, २१ एप्रिल

काल रात्री लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आता सकाळ आहे, खिडकी उघडी आहे, डोंगरावर बर्फ चमकतंय, आणि मला सगळं आठवतंय.

हॉल भरला. वरचा सज्जासुद्धा. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, काही नातवंडं घेऊन. 'धुकं' झालं, पांढऱ्या मुली वाऱ्यासारख्या आल्या आणि गेल्या. 'चिठ्ठ्या'ला पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेवटपर्यंत नाकाला रुमाल लावलेला. टेबल हललं नाही.

'कुरण' सुरू झालं तेव्हा मी डाव्या विंगेत होते आणि मेदेर माझ्या मागे. मी मागे बघत नव्हते. सवय. त्या गवत उपटायच्या मोजणीला आदिलेतनं गवत उपटलं तेव्हा मागून हळूच आवाज आला, "हं." म्हणजे बरोबर.

बेगायिम काय नाचली! ही मी शिकवलेली मुलगी. ही लहानपणी अनवाणी दूध विकत फिरायची, हिला पहिल्या वर्षी सगळे म्हणाले पाय जाड आहेत, काढून टाका, आणि मी म्हणाले, राहू द्या. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्यापासून सगळे म्हणतील की त्यांनी ओळखलं होतं.

आठवं मिनिट. ती धावली. उडी घेतली. लोकांनी श्वास रोखला, त्यांना वाटलं आता वर. आणि आदिलेतनं तिला जमिनीवर ठेवलं, गुडघ्यावर बसला, मान खाली घातली. ती त्याच्या पाठीवर वाकली. सात पावलांचं संगीत, मोठं, सगळ्या तुताऱ्यांसकट, आणि रंगमंचावर दोन माणसं हलत नाहीत. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. टाळी एकही नाही.

ताश्कंदला हे असं दिसत असणार. मला तेव्हा फक्त त्याची पाठ दिसत होती.

मग ती उठली, खिंडीकडे चालत गेली, पडदा.

तरीही टाळी नाही. एक, दोन, तीन मोजले मी. मला वाटलं, संपलं, माझं चुकलं. आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात दोनदाच ऐकलंय. लोक उभे राहिले. वरच्या सज्जातून कोणीतरी पाय आपटत होतं. संचालक हातमोज्यांशिवाय टाळ्या वाजवत होते.

मला बोलावलं. मी मेदेरचा हात धरला, तर तो विंगेतल्या दोरखंडाला चिकटून उभा. "मी नाही. माझे बूट बघ."

"बूट कोण बघतंय! चल."

"कुलीपा, मला तिथे काय करायचं ते येत नाही आता."

"मोजणी मी करते. तू ये."

आणला. राखाडी कोटात, चिखलाच्या बुटात. फुलं आली. संचालकांनी माइक पुढे केला, एजे, दोन शब्द. मी दोन शब्द तयार केले होते, चांगले होते, इल्या नाउमोविचवर. ते सगळे उडून गेले.

मी म्हणाले, "हा मेदेरबेक सादिरोव. याचा अर्धा बॅले आहे. मी कधी पडले नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. मी पडले होते. यानं धरलं."

हॉलला काय कळलं असेल देव जाणे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे वळले आणि वाकले, खाली, पूर्ण, गुरूसमोर वाकतो तसं, आणि माझा डावा गुडघा वाजला तो पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल.

तो ओठ न हलवता म्हणाला, "ऊठ आता. नाहीतर मला उचलावं लागेल."

रविवार, २२ एप्रिल

संचालकांनी घरी फोन केला. पुढच्या हंगामात तिन्ही बॅले ठेवायचे. ओशला दौरा. दुसरी जोडी तयार करायची, कारण एक जोडी पुरणार नाही. आणि अडखळत अडखळत, मी अजून दोन वर्षं राहीन का? मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि मोठ्यानं हसले. एकटीच.

दुपारी बसस्थानकावर मेदेरला सोडायला गेले. लिदियानं मुद्दाम पाय दुखण्याचं निमित्त काढलं आणि घरी राहिली.

"दुसरी जोडी," मी म्हणाले. "मला पुन्हा अर्धंच येतं. सोमवारी ये."

"सोमवारी? मी आज जातोय."

"पुढच्या सोमवारी."

"सफरचंदांना मोहोर आलाय. फवारणी आहे."

"मंगळवारी."

"मंगळवारी एक मे, शाळेत कवायतीचं संचलन. मीच पुढे असतो."

"बुधवारी. दहा वाजता. दहा म्हणजे दहा."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो पायरीवर चढला, खिडकीपाशी बसला आणि काच खाली करून म्हणाला, "गाईचं काय करू?"

"शेजारणीकडे दे. किती दिवस ते आत्ता ठरवू नकोस."

बस वळेपर्यंत मी तिथेच. तिथे वाफवलेल्या खिम्याच्या मांती विकणाऱ्या बाईनं विचारलं, गरम आहेत, देऊ का? चार घेतल्या, उभ्यानं खाल्ल्या, वर भरपूर मिरची घालून.

बुधवार, २ मे

आला. दहा वाजून बारा मिनिटांनी. नव्या मुलांसमोर चांगली ओरडले त्याच्यावर, त्यांना शिस्त कळावी म्हणून. तो टोपी हातात घेऊन ऐकत उभा राहिला आणि सगळं झाल्यावर विचारलं, "संपलं?"

"आजच्यापुरतं."

लिदियाला म्हटलं, वाजव.